मोठ्यानं वाचा

चष्म्याच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या महिन्यातच कळते. माणूस पगार सांगेल, मूळव्याध सांगेल, सासूशी झालेलं भांडणसुद्धा सांगेल, पण आपल्याला जवळचं दिसेनासं झालंय हे कबूल करणार नाही. आपल्या मराठीनं तर वाचायच्या चष्म्याचं नावच चाळिशी ठेवलंय, म्हणजे वय लपवायला जागाच नाही. तरी लोक लपवतात. मोबाइल हातभर लांब धरतात आणि वर म्हणतात, "इथे उजेडच कमी आहे हो." अबुधाबीत उजेड कमी! बाहेर जाऊन बघ म्हणावं.

त्या अबुधाबीत मी सत्तावीस वर्षं डोळ्यांचे नंबर काढले. मी डॉक्टर नव्हे. डॉक्टर डोळ्याचा आजार बघतात, मी नंबर काढायची आणि चष्मा नीट बसवायची. दुकान काणेकरांचं, माणूस भला, पण बिलाच्या मशीनजवळून हलायचा नाही. आत पडद्यामागे एक खुर्ची, समोर आरसा, हाताशी काचांची पेटी, ते माझं राज्य. गिऱ्हाईक कुणी मला सिस्टर म्हणायचं, कुणी बाजी, कुणी मॅडम. सुनंदाताई म्हणणारे फक्त काणेकर.

निवृत्त झाल्यापासून मी मुलाकडे दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्सला असते. हे लिहायला बसले ती नातीमुळे. इरा दहावीला आहे, शाळा ऊद मेथाला. परवा इतिहासाचा पेपर म्हणून ती टेबलाशी बसून धडा घोकत होती. दुसरं महायुद्ध संपलं, अमेरिका आणि रशिया जिंकले आणि जिंकल्या जिंकल्या दोघांचं बिनसलं, इथपासून तो धडा. बर्लिन झालं, मग कोरिया आला. वरचा अर्धा रशियाच्या बाजूला, खालचा अर्धा अमेरिकेच्या, मधे नकाशावर एक रेघ. मग तीन वर्षं लढाई, आणि रेघ होती जवळपास तिथेच.

मी म्हटलं, "इरा, कोरियाचं एवढंच दिलंय?"

"आजी, इट्स ओन्ली अ फाइव्ह मार्क क्वेश्चन," ती मान वर न करता म्हणाली.

पाच मार्क. मला त्या पोरीचा राग आला नाही, खोटं का बोला, थोडा आलाच. पण तिचा काय दोष? त्या रेघेच्या कचाट्यात सापडलेली दोन माणसं माझ्या खुर्चीत बसून गेली होती, हे तिला मी कधी सांगितलंच नव्हतं. कुणालाच नव्हतं सांगितलं.

आता आधी धंद्यातली एक पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. जवळचा नंबर काढताना आम्ही माणसाच्या नाकावर एक जड गोल चौकट चढवतो, तिच्यात एकेक काच बदलत जातो, आणि हातात वाचायला एक कार्ड देतो. कार्डावर आठ ओळी. वरची ओळ ठळक, मग उतरत उतरत शेवटची अगदी औषधाच्या बाटलीवर असते तशी बारीक. शेवटची ओळ न अडखळता वाचली की नंबर सापडला.

नवी होते तेव्हा एक पठाण ड्रायव्हर आला. मी उर्दू कार्ड दिलं. त्यानं ओठ हलवले, मान डोलावली, "सब साफ है बाजी." मी चष्मा करून दिला. आठ दिवसांनी गडी डोकं धरून परत. हळूहळू कळलं, बिचाऱ्याला वाचताच येत नव्हतं. माझ्यासमोर सांगायची लाज वाटली, म्हणून ओठ हलवले. त्याच्यासाठी मग आकड्यांचं कार्ड केलं, आणि त्या दिवसापासून माझा नियम झाला: मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचलेलं मला चालायचं नाही. मालक असो, मजूर असो, पडद्याबाहेर ऐकू गेलं पाहिजे. काणेकर थट्टा करायचे, "सुनंदाताईंची शाळा भरली." भरू दे. माझ्या हातून पुन्हा कुणाचं डोकं दुखलं नाही.

दुसरी माझी हौस कार्डांची. तयार कार्डं मिळतात इंग्रजीत, अरबीत. पण माणूस आपल्या भाषेत वाचतो तेव्हा त्याचा डोळा मोकळा होतो, हे मी अनुभवानं सांगते. म्हणून दर नव्या भाषेच्या गिऱ्हाइकाला मी कोरं कार्ड आणि पेन द्यायची. आठ ओळी लिहा, वरून खाली बारीक करत या, मजकूर काहीही चालेल. मल्याळम, नेपाळी, सिंहली, अम्हारिक, रशियन, अशी एकोणीस भाषांची कार्डं होती माझ्याकडे. एका फिलिपिनो नर्सनं तर माशाच्या कालवणाची पाककृती लिहिली होती. काय लिहिलंय ते मी कधी विचारत नसे. मला ओळींशी कर्तव्य.

कोरियन कार्ड लिहिलं हान आजींनी.

त्या वेळी अबुधाबीकडे मोठ्या प्रकल्पावर दक्षिण कोरियाचे पुष्कळ इंजिनियर आले होते. त्यांतले एक मिस्टर हान, पन्नाशीचे, मऊ बोलणारे. आई एकटी पडली म्हणून तिला इकडे घेऊन आले होते. आजी पंचाहत्तरीच्या, अंगानं एवढीशी, पाठ मात्र ताठ. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, वाचायला नवा चष्मा हवा होता. इंग्रजी जेमतेम दहा शब्द. माझी कार्डांची चळत बघून त्या हरखल्या. एकेक कार्ड उलटून बघत मुलाला काहीतरी म्हणाल्या.

"माय मदर इज आस्किंग," मिस्टर हान म्हणाले, "तुमच्याकडे नॉर्थचे लोकही येतात का?"

मी काय सांगू! फुशारकी अंगात मुरलेली. म्हटलं, "मिस्टर हान, इथे सगळे येतात. तुम्ही देशाचं नाव घ्या. नॉर्थचे कामगार पलीकडच्या साइटवर आहेत, आज ना उद्या येतीलच."

खरं तर तोवर एकही आला नव्हता.

तेवढ्यात मिस्टर हानना ऑफिसचा फोन आला, ते बाहेर गेले. मी आजींपुढे कोरं कार्ड ठेवलं, बोटांनी आठ दाखवले, मोठं ते बारीक अशी खूण केली. त्यांनी बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं. मग लिहायला लागल्या. शेवटच्या दोन ओळी इतक्या सुबक आणि बारीक लिहिल्या की मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी दोन्ही हातांनी कार्ड माझ्या हातात दिलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. मला वाटलं, केवढा हा विनय.

दोन-अडीच महिन्यांनी ते आले. तेव्हा शुक्रवारी सुट्टी असायची, एका शुक्रवारी सकाळी दुकानासमोर कंपनीची बस थांबली. सारख्या करड्या शर्टातले आठ-दहा लोक उतरले, बरोबर एक मुकादम. त्याला थोडं इंग्रजी यायचं. म्हणाला, रीडिंग ग्लास, ऑल मेन. मी विचारलं, कोरिया? तो म्हणाला, कोरिया. नॉर्थ का साउथ हे त्यांच्या शर्टांवरून आणि मुकादमाच्या नजरेवरून समजतच होतं.

सांगते, मला आनंद झाला होता. एकोणिसांतलं हे एकच कार्ड न वापरलेलं पडून होतं, त्याचा आज मुहूर्त. पण पहिल्या चौघांचं मुकादमानं स्वतः आत उभं राहून आकड्यांच्या कार्डावर आटपलं. मग तो बाहेर काणेकरांबरोबर फ्रेमचे भाव करायला गेला. पाचवा आत आला तेव्हा खुर्चीजवळ मी आणि तो दोघंच होतो.

पन्नाशीला टेकलेला माणूस. फरशी बसवणारा असावा, नखांच्या कडांना सिमेंट होतं. मी चौकट चढवली, सव्वाची काच घातली आणि कोरियन कार्ड हातात दिलं. त्यानं ते बघितलं आणि लहान मुलासारखा हसला. आपली भाषा दिसली की सगळे तसेच हसतात.

"लाउडली," मी म्हटलं. हातानं तोंडाजवळ खूण केली. मोठ्यानं वाचा.

त्यानं वाचलं. शाळेत पाठ म्हणतात तशा एका सुरात पहिल्या तीन ओळी. चौथीला आवाज जरा उतरला. पाचवीला तो थांबला. मला वाटलं, दिसत नाहीये. मी काच बदलली, दीड. सहावी वाचली, सातवीला पुन्हा थांबला. मी पुन्हा काच बदलली, पावणेदोन, आणि म्हटलं, "यल्ला, यल्ला, चला पुढे, लाउडली."

सातवी वाचली. आठवी वाचली. शेवटची ओळ त्यानं न अडखळता वाचली. मग कार्डावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं, माझ्याकडे सरळ बघितलं आणि एक वाक्य बोलला. लहानसंच. दोनदा मान हलवली, हो हो अशी. डोळ्यांतून पाणी आलं.

मी म्हटलं, "व्हेरी गुड." त्याला टिश्यू दिला. नव्या काचेनं डोळ्यांना पाणी येतंच, रोजचं आहे. कागदावर लिहिलं: दोन्ही डोळे, प्लस पावणेदोन.

तेवढ्यात पडदा सरकला. मुकादमानं बाहेरून सगळं ऐकलं होतं. त्यानं कार्ड घेतलं, उभ्या उभ्या वाचलं, घडी करून खिशात टाकलं. आवाज चढवला नाही की काही नाही. "खलास," एवढंच म्हणाला. नाकावरची चौकट त्या माणसानं स्वतः काढून माझ्या हातात दिली, दोन्ही हातांनी. उरलेल्यांचे डोळे न तपासताच बस निघून गेली. मी काणेकरांपाशी फणफणले, "माझं कार्ड ढापलं हो मेल्यानं!" ते म्हणाले, "जाऊ द्या ताई, दुसरं लिहून घ्या."

आठवड्यानं पाच चष्मे तयार झाले. दुसराच कुणी कामगार न्यायला आला. चार घेतले, पाचवा बाजूला सारला.

"दिस वन?" मी विचारलं.

"गो होम," तो म्हणाला, आणि घाईघाईनं गेला. सुट्टीवर गेला असेल, मी म्हटलं. चष्मा ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

पुढच्याच आठवड्यात हान आजी आल्या, चष्मा कानामागे टोचत होता म्हणून. मुलगा बरोबर होता. मी काड्या गरम करून वाकवत होते आणि तोंडाची टकळी चालूच. हसत हसत सांगितलं, "मिस्टर हान, तुमच्या गाववाल्यांनी आईचं कार्ड पळवलं बरं का! एकानं वाचलं काय, दुसऱ्यानं खिशात घातलं काय. आता आईंना नवं लिहायला सांगा."

त्यांनी आईला सांगितलं, हसतच. आजी खुर्चीतून उभ्या राहिल्या. मुलाशी बोलू लागल्या, थांबेचनात, आणि मुलाच्या चेहऱ्याचा रंग बघता बघता उतरत गेला. कार्डावर काय लिहिलंय ते मिस्टर हाननाही त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मग त्यांनी मला सांगितलं.

लढाईत थंडीच्या दिवसांत आजी वडिलांबरोबर घरातून निघाल्या, तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. धाकटा भाऊ चार वर्षांचा, तापानं फणफणलेला, म्हणून आई त्याच्यापाशी राहिली. वडील म्हणाले होते, तीन दिवसांत येतो. तेवढ्यात मधे रेघ पक्की झाली. पत्र नाही, निरोप नाही, साठ वर्षं. आणि माझ्या कार्डावर आजींनी लिहिलं होतं: नाशपातीच्या बागेमागच्या गिरणीवाल्यांची मी थोरली मुलगी. वडिलांबरोबर दक्षिणेला आले. मी जिवंत आहे. वाचणाऱ्या भल्या माणसा, तू त्या बाजूचा असशील तर या चष्मेवाल्या बाईंना सांग. शेवटच्या तीन ओळींत गावाचं नाव, आईचं नाव, भावाचं नाव.

बारीक ओळींत. मीच बारीक लिहायला लावलेल्या. आणि ती नावं त्याला दिसावीत म्हणून मीच काचा बदलत होते.

"ही सेड समथिंग टू यू?" मिस्टर हान विचारत होते. "व्हॉट डिड ही से, मॅडम?"

काय सांगू? तो बोलला होता. माझ्याकडे बघून, साफ बोलला होता. तो त्या गावचा होता? भावाला ओळखत होता? आई कधी गेली ते सांगत होता? का नुसतंच, बाई, मला वाईट वाटतं, असं म्हणत होता? उत्तर माझ्या तोंडावर सांगितलं गेलं होतं आणि मी त्याला व्हेरी गुड म्हणून कागदावर पावणेदोन लिहिलं होतं.

"बोट कुठल्या ओळीवर ठेवलं?" आजींनी मुलाकरवी विचारलं. त्यांनी आपल्या तळहातावर बोटानं ओळी आखून दाखवल्या. सहावी? सातवी? आठवी?

मला लोकांचे नंबर वर्षानुवर्षं पाठ असतात. कुणाचा डावा पाव पॉइंट जास्त, कुणाचं नाक डावीकडे कललेलं, सगळं. ती ओळ मात्र आठवेना. काहीतरी एक सांगून टाकावं असं जिभेवर आलं. कुठली सांगणार? आठवी सांगितली तर भाऊ जिवंत, सातवी सांगितली तर आई. मी म्हटलं, "मला आठवत नाही. मी बघितलंच नाही." आणि रडायला लागले, गिऱ्हाइकासमोर, आयुष्यात पहिल्यांदा.

आजी रडल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला. आणि अजून एकच प्रश्न विचारला: त्या माणसाचं काय झालं?

मी ड्रॉवरमधला चष्मा दाखवला. सांगितलं, "गो होम म्हणाले." मिस्टर हान हळूच म्हणाले, तिकडच्या माणसानं दक्षिणेचा निरोप नुसता वाचला तरी त्याला परत नेऊन शिक्षा करतात.

आजींनी तो चष्मा हातात घेतला. मग माझ्याकडे बोट करून हवेत लिहिल्याची खूण केली. कोरं कार्ड. मला नको होतं, पण नाही कोणत्या तोंडानं म्हणू? त्यांनी पुन्हा आठ ओळी लिहिल्या, तशाच सुबक, वरून खाली बारीक. मुलानं ते वाचलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. जाताना एवढंच म्हणाले, "प्लीज यूज इट, मॅडम. शी वॉन्ट्स यू टू यूज इट."

खरं सांगते, मला आजींचा राग आला. एक माणूस माझ्या खुर्चीतून उठून कुठे गेला कळत नाही, आणि यांना अजून दुसरा पाहिजे! आईची माया, भावाची माया, सगळं कबूल, पण दुसऱ्याच्या जिवावर? मी ते कार्ड त्या चष्म्याबरोबर ड्रॉवरमध्ये टाकलं आणि कुलूप लावलं. न नेलेले चष्मे वर्षभर ठेवून मग वाटून टाकायचे असा आमचा रिवाज. तो मात्र मी वाटला नाही, निवृत्त होताना कार्डासकट एका डब्यात घालून घरी आणला.

नॉर्थचे कामगार पुन्हा दुकानात आले नाहीत, पुढे तर देशातूनच गेले. हान आजी त्याच वर्षी सोलला परतल्या. दोन वर्षांनी मिस्टर हानची मेल आली, आई गेली म्हणून. खाली लिहिलं होतं, ती तुमची आठवण काढायची. मी उत्तर लिहिलं नाही. चारदा लिहायला बसले आणि उठले.

आणि त्या दिवसानंतर मी कुणालाही मोठ्यानं वाचायला सांगितलं नाही. काणेकरांनी एकदा विचारलं, "ताई, शाळा बंद केली वाटतं?" मी म्हटलं, "घसा दुखतो."

तर परवा, इराचे पाच मार्क ऐकून, मी कपाटातून तो डबा काढला. चष्मा आणि कार्ड टेबलावर ठेवलं आणि तिला सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसं. ती पुस्तक मिटून ऐकत होती. मग तिनं कार्ड हातात घेतलं.

"आजी, मी वाचू? आय कॅन रीड धिस."

आता ही आजकालची पोरं. कोरियन गाणी, कोरियन सिरियल, त्यांच्यापायी त्यांनी ती अक्षरंही शिकून घेतलीत. मी यावर कितीदा तोंड वाजवलंय, अभ्यास सोडून हे काय म्हणून. म्हटलं, "वाच. आजींचं पत्र आहे ते, दुसऱ्यांदा लिहिलेलं."

ती अक्षरं जुळवत एकेक ओळ पुटपुटली, अडलं तिथे फोनवर शब्द बघितला. तिचा चेहरा गोंधळला.

"पण आजी, यात नावंच नाहीयेत."

"नीट बघ. खाली असतील, बारीक."

"नाहीत. इट सेज, वसंत आला आहे. मग, डोंगराखाली नाशपातीला फुलं आली आहेत. ओढ्याचं पाणी स्वच्छ आहे. मुलं खेळतायत. असंच आहे सगळं, आजी. गिरणी नाही, गाव नाही, कुणाचं नाव नाही." ती शेवटच्या ओळीशी थांबली, कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "आणि लास्ट लाइन. हे वाचणाऱ्या, तू सुखरूप घरी जा."

मी ज्यांच्यावर रागावून कुलूप लावलं, त्या बाईनं साठ वर्षांचा शोध त्या दिवशी माझ्या खुर्चीत बसून सोडून दिला होता. आईचं नाव गाळलं, भावाचं गाळलं, पुढे त्या खुर्चीत बसेल त्याच्या केसाला धक्का लागू नये म्हणून. वापरा म्हणाल्या होत्या. मी बारा वर्षं ते कुणाला वाचू दिलं नाही.

इरा माझ्याकडे बघत होती. पावणेदोनचा चष्मा माझ्या मांडीवर होता.

"परत वाच," मी म्हटलं.

ती हळू आवाजात सुरू झाली, जपून, मी रडत होते म्हणून.

"तसं नाही," मी म्हटलं. "मोठ्यानं वाच."